बाजू ब

किती वेळ लागेल, असं विचारलंस.
बाबांना बोलायला लागला होता तेवढा.
हे पेन ड्राइव्हसारखं नसतं, श्रीरंग,
की इकडून उचललं, तिकडे टाकलं, चहा उकळेस्तोवर झालं.
पंचेचाळीस मिनिटांची बाजू
पंचेचाळीस मिनिटंच घेते.

डेक जेल रोडवरून आणला, जुना.
'दीदी, अब ये कौन सुनता है,' म्हणत दुकानदाराने
आधी धूळ झटकली, मग भाव सांगितला.
आतला पट्टा विरघळून डांबर झालेला. तो बदलला.
हेड स्पिरिटने पुसलं, कानातल्या काडीने,
काडी तपकिरी झाली.
कुणाच्या घरातलं काय पुसलं गेलं, देव जाणे.

कॅसेटवर बाबांच्या अक्षरात लिहिलंय : हिशेब.
म्हणून तर कुणी लावली नाही इतकी वर्षं.
पाठीवरचे दोन चौकोन त्यांनी
चिकटपट्टीने बुजवलेत, नीट, कडा दाबून.
सुरुवातीला नुसतं गुरगुरणं,
शेजारच्या घरात कुणी घोंगडी पांघरून बोलावं तसं.
मग हेडचा बारका स्क्रू पाव आटा फिरवला
आणि बाबा भिंत ओलांडून
एकदम खोलीत आले.

हिशेब नाहीये त्यात.
बातम्या आहेत. हिंदीत.
'ये आकाशवाणी का इंदौर केंद्र है.
अब आप मधुसूदन कर्पे से समाचार सुनिए.'

मिलमध्ये दिवसभर सूत मोजणारा माणूस
रात्री अकराला परदेशीपुऱ्यातल्या त्या दीड खोलीत
पेपरमधले लसणाचे भाव वाचतोय.
चुकला की थांबतो, खाकरतो,
पुन्हा नमस्कारापासून.
'बाज़ार' काही त्यांना जमत नाही.
ज दातांशी अडतो, आपला ज,
जात्यातला, जावयातला.
बाजार. बाजार. बाज़...
सात वेळा मोजलं मी.
आठव्याला आई मागून म्हणते,
'अहो बाजारवाले, झोपा आता.'

तुला माहीत होतं हे?
मला नव्हतं.

एक सांगू? प्रत्येक वाक्याच्या जरासं आधी
तेच वाक्य कुजबुजल्यासारखं येतं.
फितीचा वेढा वेढ्याला टेकून पस्तीस वर्षं बसला
की आवाज पलीकडे उमटतो,
ओल्या शाईचं पान मिटावं तसा.
दोष आहे तो, असं म्हणतात.
मला वाटतं, बाबा आधी मनात म्हणून बघतायत.

तू लिहिलंस, खरखर तेवढी काढून टाक.
निघते. संगणक म्हणतो, कुणी बोलत नाही
अशी एक जागा दाखवा, मग बाकी माझ्यावर सोडा.
मी शोधली अशी जागा.
एकीत पंखा होता, एक पातं घासणारा.
एकीत मोरीतली भांडी.
एकीत रात्रपाळीचा भोंगा, लांबलेला,
त्याच्याबरोबर गल्लीतलं कुत्रं.
आणि जिथे खरंच काही नाही असं वाटलं
तिथे तू खोकतोयस.
डांग्या खोकला झाला होता ना तुला, त्या थंडीतला.
म्हणजे तूच ती खरखर, आम्ही सगळेच.

तरी एकदा काढून पाहिली.
स्वच्छ झाला आवाज,
आणि बाबा कुठेच नसलेल्या ठिकाणाहून
बोलायला लागले.
मागे घेतलं.

ते कधी केंद्रात गेले का, चाचणी दिली का,
फाटकापर्यंत जाऊन परत आले का,
विचारायला कोण उरलंय आता.
शेवटी म्हणतात, 'और अब मौसम',
आणि खट्.
बाजू संपली. हवामान राहिलंच.

पाठवते उद्या, तुझी सकाळ धरून.
फाइलला नाव काय देऊ ते कळव.
सध्या मी
'हिशेब' एवढंच ठेवलंय.