टेबलाखाली

हेतलबेनने कागदावर काढून दिली
पाच काड्यांची माणसं.
एक गुडघा छातीशी धरून निजलेलं,
एक मांजरासारखी पाठ फुगवलेलं,
बाकीची मला अजून नीट उमगली नाहीत.
"त्रीस गणवाना," म्हणाली, "धीमे धीमे.
कळ पायात उतरली तर थांबायचं.
आणि दर अर्ध्या तासाने खुर्चीतनं उठायचं,
काही काम नसलं तरी."

काम नसताना!
एकतीस वर्षं मी काम असतानाही उठलो नाही.
रावपुऱ्यातल्या या कचेरीत
रेक्झिनला माझा आकार आलाय.

हे कधी कुणापुढे वाकले नाहीत,
घरी कौतुकानं सांगतात.
मणक्यांनी ते फार मनावर घेतलं.
आता पडलेलं रबरबँड उचलायला
कनुभाईला हाक मारतो.

जेवणाच्या सुट्टीत दार लोटून घेतो.
घरून सतरंजी आणतो, पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून,
बडोद्यात बाटली आणावी तशी.
कपाट आणि टेबल यांच्यामधल्या
साडेपाच फुटांत आडवा होतो,
डोकं टेबलाखाली.
उजवा गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे.
येत नाही.
लांबच्या नातवासारखा, ओळख नसलेला.
ओढायचा नाही म्हणे, बोलवायचा.
एक, बे, त्रण, चार...
बारापर्यंत गुजरातीत निभावतं,
मग कमरेत कुणी टाचणी खुपसतं, फायलीला खुपसावी तशी,
आणि पुढचे आकडे मराठीत येतात.
तेरा, चौदा, आई गं, सोळा.

डोळे उघडले तेव्हा
टेबलाची खालची बाजू पहिल्यांदा पाहिली.
कोळ्याचं जाळं, सुताराचा खडूचा आकडा,
आणि पेन्सिलीच्या उभ्या रेघा,
चार उभ्या, एक आडवी, चार उभ्या, एक आडवी,
पार ड्रॉवरच्या कडेपर्यंत.

माझ्याआधी इथे दिगंबरराव खानविलकर होते.
सळई गिळलेला माणूस, म्हणायचे लोक.
निवृत्तीच्या समारंभात हार घालतानासुद्धा
मान खाली केली नव्हती,
साहेबांनाच स्टूल आणावं लागलं.

म्हणजे दुपारी दीडला, दार लोटून,
तेही.

खिशात पेन्सिल होती.
शेवटच्या जुडीत एक रेघ कमी होती,
ती मी ओढली नाही.
त्यांची ती तशीच असू दे.
जरा बाजूला माझी काढली,
वाकडी आली, हात वर करून कोण लिहितं.

दारावर कनुभाई.
"साहेब, वाडीवाळी पार्टी आवी छे,
उताऱ्यासाठी. केव्हाची बसलीय."

म्हटलं, बसू नको म्हणावं त्याला.
डावा गुडघा राहिलाय अजून.