शेऱ्याचा रकाना

पाचव्या सत्रात प्रत्येकाला एकेक चौकोन मिळाला,
दहा मीटर बाय दहा, चार खुंट्या, निळी सुतळी.
माझा सातवा. दोडामार्गाकडच्या शिरवलवाडीत,
देवराईच्या पोटात, जिथे ओहोळ वाट विसरून
झाडांतच बसून राहतो
आणि रानजायफळीची मुळं
चिखलातून गुडघे वर काढतात, श्वासापुरते.

मी गेवराईची. आमच्या घरामागे
एक लिंब, आणि शेजारच्या बोरीची
भिंत ओलांडून आलेली फांदी.
इथे मोजायला सुरुवात कुठून करायची
हेच पहिल्या दिवशी तासभर कळलं नाही.

बाबली गवस पुढे, कोयता पाठीला.
"आवाज करीत चल गे, नायतर रान दचाकता."
मी खोकले.
तेवढंच सुचलं.

जुलै. रोपं एकशे बारा.
प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला, तांब्याच्या तारेने.
उंची, पानं, पानांवरची भोकं.
वही प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीत माझा हात,
हातावर जळू. तिचीही लांबी घेतली,
रकाना नव्हता म्हणून खोडली.

ऑगस्ट. त्र्याण्णव.
रविवारी बाकीचे शिरोड्याला समुद्र बघायला गेले,
मी म्हटलं, आधी हे पाणी संपू दे.
सप्टेंबरात ओहोळ एक रात्र उठून हिंडला,
सकाळी एकेचाळीस.
अठरा नंबरचा बिल्ला खेकड्याच्या बिळाशी सापडला,
तार शाबूत, गाठ शाबूत,
मध्ये रोप नाही.

"झाडं मोजून काय भेटतंय गं?" आईचा फोन.
रेंज फक्त शाळेच्या तिसऱ्या पायरीवर.
मार्क, म्हणाले.

बाबलीला विचारलं, इतकी मेली, तुम्हाला काहीच नाही वाटत?
त्याने वर बघितलं. दोन ककणेर
कुणी ओली चादर झटकत जावं तसे गेले
आणि वरून एक बी पडली, लाल जाळीत गुंडाळलेली.
"एक जगता," तो म्हणाला. "खयचा, ता तेका म्हायत."

ती बी मी उचलली.
तो पुढे गेल्यावर.
इथलं सुकलं पानसुद्धा घरी न्यायचं नसतं,
हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं. मी वहीत लिहूनही घेतलेलं,
स्थानिक समजुती, मुद्दा चार.
कंपासपेटीत ठेवली, खोडरबराशेजारी.

नोव्हेंबरात सुतळी सोडली.
बाबलीने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं,
गावाच्या नावाने, गुरांच्या, मुंबईकरांच्या,
मग जरा थांबून,
"आणि ह्या चेडवाचा काय चुकला-माकला आसात
तर पोटात घाल रे म्हाराजा."
होय म्हाराजा, सगळे म्हणाले.
मीही म्हणाले. दप्तरात पेटी वाजली,
किंवा मला तसं वाटलं.

घरी श्रीखंडाच्या डब्यात माती घातली, बी पुरली.
सरंजामे मॅडमनी वर्गात सांगितलं ते नंतर,
की या बिया वाळल्या की संपल्या.
ज्वारीसारखं कणगीत पडून राहणं
त्यांना येत नाही.
आणि मी तिला तीन आठवडे पेटीत, मग चौदा तास एसटीत.

अहवाल. चौकोन सातवा.
जिवंत अडतीस, मृत चौऱ्याहत्तर,
कारणं पूर, खेकडे, सावली.
शेऱ्याच्या रकान्यात मी एक ओळ जास्तीची लिहिली:
बी एक, मृत. कारण, निरीक्षक.
मॅडमनी पुढे लाल प्रश्नचिन्ह काढलंय, मार्क कापलेले नाहीत.

आई अजून डब्याला पाणी घालते.
परवा तिचा फोन, उगवलं गं!
मागून फोटो.
घोळ. आमच्याच मातीतली, भाजीची घोळ.
मी काही बोलले नाही.
पानं किती आलीत, म्हटलं,
मोजून सांग.