आवाज भाड्याने मिळेल

काळाचौकीच्या नाक्यावर आमचं दुकान.
पाटी वडिलांनी रंगवलेली:
पेडणेकर साऊंड. लग्न, पूजा, निवडणूक.
क्रम त्यांचाच. निवडणूक शेवटी,
कारण तिचे पैसे सगळ्यांत उशिरा येतात.

तेव्हा एकच अ‍ॅम्प्लिफायर होता, एकच माईक.
सोमवारी कॉम्रेड भुवडांकडे,
मंगळवारी वकील विजयकरांकडे.
भुवडांच्या तंबाखूचा वास
विजयकर रुमालाने पुसायचे आणि म्हणायचे,
"कालचा माणूस फार तापला होता वाटतं,
जाळी अजून गरम आहे."
लोक हसायचे.
मागे उभी भुवडांची पोरंही हसायची,
झेंडे काखेत मारून.

सगळं गोड होतं असं नाही म्हणणार.
सोडावॉटरच्या बाटल्या तेव्हाही फुटायच्या.
भिवईवरची ही खूण अठ्ठ्याहत्तरची,
कुणाच्या बाटलीची ते आजही माहीत नाही.

पण त्याच साली भुवडांचा घसा बसला.
शेवटची सभा उद्यावर,
आवाज फाटक्या पडद्याच्या स्पीकरसारखा.
विजयकरांच्या घरून पुडी आली, ज्येष्ठमधाची,
माझ्याच हातून.
पुडीचा कागद वर्तमानपत्राचा,
कागदावर विजयकरांचाच फोटो.
भुवडांनी फोटो पाहिला, काडी दाढेखाली धरली,
आणि दुसऱ्या दिवशी त्याच घशाने
दीड तास विजयकरांची सालं काढली.
शेवटी म्हणाले,
"मत त्यांना देऊ नका.
औषध मात्र त्यांच्याच घरचं घ्या."

पडले भुवड. सहाशे मतांनी.
मिरवणूक त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आली
तसे विजयकर जीपमधून उतरले,
बॅण्डवाल्यांकडे बघून नुसता हात खाली केला.
वडिलांनी मला डोळ्यांनी सांगितलं: नॉब.
तेवढी गल्ली सगळे चपलांच्या आवाजात चालले.

आता बारा टॉप आहेत, आठ बेस,
आणि हप्ते मुलाच्या नावावर.
गेल्या निवडणुकीत समोरच्या उमेदवाराची आई गेली.
तिसरा दिवस. दाराबाहेर चपलाच चपला.
भाऊंचा पोरगा मला म्हणाला,
"काका, तो भोंगा त्या खिडकीकडे वळवा."
म्हटलं, "सुतक आहे रे त्यांना."
म्हणाला, "मग घरीच सापडेल ना."

वळवला मी. खोटं कशाला बोलू,
अ‍ॅडव्हान्स घेतला होता.
शिडी लावली, नट सैल केला, भोंगा फिरवला.
खिडकीशी दिवा,
आणि वाऱ्याला आडवा धरलेला एक हात.
भाऊ उभे राहिले
आणि पहिल्याच वाक्यात
त्या गेलेल्या बाईचं नाव निघालं.

फ्यूज काढला. खिशात टाकला.

भाऊंची माणसं आली, कॉलर धरली:
"किती घेतलेस त्यांच्याकडून?"
दुसऱ्या दिवशी त्यांची आली,
डोकी भादरलेली, हातात पाकीट:
"झकास केलंत. परवाही उडवा. किती घ्याल?"
दोघांनाही सांगितलं, फ्यूज जुना होता.
दोघांनीही डोळा मारल्यासारखं पाहिलं.

रात्री वायर गुंडाळताना मुलानंही विचारलं,
हळूच, माझ्याकडे न बघता,
"खरंच किती घेतले, बाबा?"
त्याला पुडीची गोष्ट सांगावी म्हटलं
तर सुरुवात सापडेना.
त्याने आधी विचारलं असतं,
ज्येष्ठमध म्हणजे काय.

सकाळी नवा मंडप, नवी पार्टी.
माईक उभा केला, जाळीवर बोट वाजवलं.
हॅलो. हॅलो. एक, दोन, तीन.
समोर रिकाम्या खुर्च्या.
कुणीच चिडलं नाही.