पिशवी

तुर्भ्याच्या आरोग्य केंद्रात, गुरुवारी,
गरोदर बायकांची रांग संपता संपता ती आली.
सोबत मुलगा, आठ-नऊ वर्षांचा,
अंगाला बटाट्याच्या पोत्याचा वास.
ती सेनोआरा. पोरगा अनवर.
मराठी पोराला येते, मार्केटातली:
चल, हट, उचल, कितीला, बाजूला हो.
पत्ता विचारला तर म्हणाला,
"आधी म्यानमार. मग पुलाखाली."

खिडकीतल्या गायकरला बारा आकडे हवे होते.
तिच्या कार्डावर आकड्यांत अक्षरं मिसळलेली,
निर्वासित असा शेरा, दूरच्या कचेरीचा निळा शिक्का.
"मशीन घेत नाही," तो म्हणाला, वाईट वाटून.
वाईट त्याला रोजच वाटतं, साडेबारापर्यंत.
मोबाइलवर ओटीपी येईल म्हणाला.
मोबाइल मुकादमाचा.

मी आत घेतलं. विचारलं, काय होतंय?
पोरानं विचारलं. ती पोराला काही सांगेना.
आईचं रक्त
मुलाच्या तोंडून कसं यायचं माझ्यापर्यंत?
"पोट," तो म्हणाला. मग, "पोटाच्या खाली."
मग भिंतीवरच्या हात धुण्याच्या तक्त्याकडे
बघत राहिला.

बत्तीस वर्षांच्या सवयीनं विचारून गेले,
"पिशवी काढलीय का?"
त्यानं तिला सांगितलं. ती दचकली,
ओढणीआडची पिशवी काढली
आणि टेबलावर ठेवली.
साड्यांच्या दुकानाची, दोनदा गाठ मारलेली.

हसू आलं मला. खोटं कशाला बोलू.

आत केसपेपर. कळवा, वाशी, ऐरोली.
कुठला ताप, कुठलं बाळंतपण, ओल लागून पसरलेली शाई,
आणि खाली तीच ओळ: आधारसह यावे.
सगळ्यांत तळाशी आमच्या केंद्राचा, दोन वर्षांपूर्वीचा.
आधारसह यावे.
त्यातला 'धा' असा उघड्या तोंडाचा
मीच काढते.

अनवरला पाणी आणायला पाठवलं.
केसपेपरच्या पाठीवर काढला उलटा पेरू,
दोन बाजूंना दोन डहाळ्या.
तिनं बराच वेळ पाहिलं. मग पेरूवर बोट ठेवलं
आणि दुसऱ्या हाताची चार बोटं उघडली.
चार दिवस? चार आठवडे?
ती उठली, कॅलेंडरपाशी गेली,
पानं मागे उलटत राहिली.

पोरगा दारात, हातात भरलेला ग्लास.
"मावशी, पिशवी भेटली का?"

बाहेर गायकर खिडकी लावत होता.
मी हातानंच चिठ्ठी लिहिली, रक्ताच्या तपासणीची.
नाव लिहिलं. वय, अंदाजे.
ओळखपत्राच्या रकान्यात पेन टेकवलं
आणि तसंच धरून ठेवलं,
ठिपका मोठा होत गेला.