आवक-जावक

माझ्या टेबलाच्या डाव्या खणात चार शिक्के आहेत.
पहिला, लाकडी मुठीचा : विस्तार कक्ष, नाशिक.
तेव्हा विद्यापीठ म्हणजे अशोकस्तंभाजवळ
टायपिंग क्लासच्या वरच्या दोन खोल्या,
एक लोखंडी कपाट, एक माठ
आणि मी.
बाकीचं सगळं चंदनापुरी घाटापलीकडे.

दुसरा : उपकेंद्र.
याला डावीकडे शाई कधी नीट लागलीच नाही,
म्हणून अकरा वर्षांच्या कागदांवर
आम्ही नुसतेच 'केंद्र' आहोत.
मुख्यालयातून एकदा खुलासा मागवला होता.
मी खुलासा पाठवला, त्यावरही तोच शिक्का.

अधिसभा, विद्या परिषद, व्यवस्थापन परिषद,
अभ्यास मंडळं, त्यांच्या उपसमित्या :
भाऊबंदकीतल्या मोठ्या घरांसारखी ही नावं.
पत्रिका यायची लग्न झाल्यावर.
ती मी आवक रजिस्टरात घ्यायचे,
विषय : माहितीस्तव.

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रात्रीच्या एसटीनं जायचे,
सोबत सोपान गांगुर्डे, शिपाई.
गाडी संगमनेरला बंद पडली त्या रात्री
फलाटावर तो गठ्ठ्यांवरच झोपला,
चारशे बारा पोरांचं तिसरं वर्ष उशाला घेऊन.
सकाळी लाखेची सीलं मोजली, सगळी शाबूत.
त्याच्या गालावर मात्र एक उमटलं होतं.

तिसरा शिक्का : उपपरिसर.
द्वारकेला, टायरच्या दुकानावर, भाड्याचा मजला.
तोंडी परीक्षेला उत्तर सुरू झालं
की खाली कॉम्प्रेसर सुरू व्हायचा.
परीक्षक मान डोलवायचे
आणि गुण बरे द्यायचे.

दिंडोरीच्या अंगाला बासष्ट एकर मिळाली, तीही गोष्ट खरी.
सातबाऱ्यावर इतर हक्कांत अजून कुणाची तरी विहीर आहे.
कोनशिलेवर पाहुण्यांचं नाव कोरलेलं,
तारखेची जागा कोरी,
तिथे रखवालदाराची बायको पापड वाळत घालते.
त्या जागेचा शिक्का आधीच येऊन पडलाय.
हा चौथा. अजून शाईला लागलेला नाही.

बाऱ्ह्याची हिरा भोये पहिल्यांदा आली
ती टायरवाल्या मजल्यावर.
सुरगाण्याहून पहिल्या गाडीनं, चपला हातात,
जिना ओला होता म्हणून.
गुणपत्रिकेवर तिचं आडनाव भोयर झालं होतं.
एक 'र' जास्तीचा.
अर्ज इथून परीक्षा विभागात, तिथून पात्रता कक्षात,
तिथून संगणक केंद्रात,
तिथून 'स्थानिक कार्यालयाचा अभिप्राय घ्यावा'
म्हणून परत माझ्याच टेबलावर.
मी अभिप्राय लिहिला : चूक आपली आहे.
साहेबांनी 'आपली' खोडून 'अनवधानाची' केलं.
ती तीनदा आली. तिसऱ्यांदा नागलीची भाकरी
माझ्यासाठीही बांधून आणली होती.
मग आली नाही.
दुरुस्त गुणपत्रिका आली चौदा महिन्यांनी.
बाऱ्ह्याला पाठवलेलं पाकीट
'मालक गावी नाही' होऊन परतलं.
मी ते कपाटात ठेवलं, वरच्या फळीवर,
दरवर्षी धूळ झटकून.

परवा आली. मुलाच्या प्रवेशाला.
केस थोडे पिकलेले, पर्समध्ये चष्मा.
मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं.
कपाट उघडलं, पाकीट दिलं.
तिनं वाचलं. दोनदा.
नव्या अक्षरांवर अंगठा फिरवला,
जणू सुनेचा हात बघतेय,
आणि घडी मोडू न देता परत केलं.
'राहू द्या बाई. बँकेत लागले ती भोयर म्हणून.
लग्नाची नोंद भोयर. घराचं कर्ज भोयर.
नवऱ्यानं पण हेच लावलं, म्हणाला एकच असू दे घरात.
पोरगा तर भोयरच जन्मला.
तिकडे गावात आता दोन घरं आहेत,
आईबाप भोये, आम्ही भोयर.
शेजारी विचारतात, तुमचं मूळ कुठलं?'
हसली. 'मी सांगते, नाशिक.'

सोपानच्या जागेवर आता कंत्राटी पोरगा आहे,
त्यानं चहा आणला.

संध्याकाळी रजिस्टर उघडलं.
आवक क्रमांक होता, जावकचा रकाना
इतकी वर्षं रिकामा.
शेऱ्यात काय लिहायचं?
चारही शिक्के काढून पाहिले.
मग पेनानंच लिहिलं :
भेटल्या. चहा घेतला.
कागद आपल्याकडेच.