तिनातले दोन

ओदावाराच्या टेकडीवर, संत्र्यांच्या बागेला लागून
आमची प्रयोगशाळा.
तळमजल्यावर जिथे गिनीपिग असत
तिथे आता छत्र्या, पिपेटांची खोकी
आणि कुणाची तरी हवा गेलेली सायकल.
वास मात्र गेलेला नाही.
हागिवारा विचारतो, कसला वास?
तो नंतर लागला नोकरीला.

मी भादरायचे त्यांना.
कुशीवर चार बोटं रुंद पट्टा,
खाली बाळाच्या टाळूसारखं
लपलपणारं गुलाबी कातडं.
त्यावर रसायन, त्यावर पट्टी,
मग पट्टी सोडून लाली मोजायची:
शून्य, एक, दोन, तीन.
तीन लिहिताना हात अडायचा नाही.
खाई त्याला खवखवे म्हणतात.
खायचं कुणी आणि खवखवायचं कुणाला
हा हिशेब माझ्याच वहीत होता
आणि माझं अक्षर सुरेख होतं.

आता प्राणी नाहीत. तीन साक्षीदार आहेत.

पहिला म्हणजे प्रथिनाचा तुकडा, नळीतला.
रसायन त्याला बिलगलं की तेवढा तो कमी भरतो.
एक दिवस थांबून किती उरला ते बघायचं,
शेजारणीकडून परत आलेल्या वाटीसारखं.

दुसरा, त्वचेच्या पेशी,
काजव्याचं जनुक घातलेल्या.
सोसवेना झालं की उजळतात,
एवढंच.

तिसऱ्या माझ्याकडच्या, रक्तातल्या.
दोन-तीन दिवसांनी त्यांना विरळ करते,
ताजं अन्न घालते, सदतीस अंशांत निजवते.
निकेल दाखवलं तर अंगावर काटा यायला हवा,
लॅक्टिक आम्लाला ढिम्म राहायला हव्यात.
तशा राहिल्या तरच पुढचं काम.

या आठवड्यात केसांचा एक नवा रंग आला.
बाटलीवर नाव नाही, नुसता आकडा.

माझी बहीण साएको, हिरात्सुकाला स्टेशनामागे
बत्तीस वर्षं बायकांचे केस रंगवते.
तिच्या बोटांच्या बेचक्या फाटल्यात,
रात्री सुती हातमोजे घालून झोपते.
एकदा म्हणाली, तुमचे ते प्राणी
माझ्या रंगाबद्दल काय म्हणाले होते गं?
तीन म्हणाले होते, साएको.
तीनच म्हणाले होते.
बाटलीच्या मागे छापलंय, बारीक अक्षरात.

नव्या रंगाला प्रथिन म्हणालं, हो.
काजवे लागले नाहीत.
राहिल्या माझ्या.
रेघ दीडशेवर. त्या आल्या एकशे अठ्ठेचाळीसवर.
तिनातले दोन नाही म्हणाले
तर कागदावर नाही.

या पेशी एका मुलाच्या.
वय एक वर्ष, रक्ताचा कर्करोग.
मला एवढंच ठाऊक आहे.
वाचला असता तर आज
हागिवाराचा बाप शोभला असता.
तो गेला, पेशी वाढताहेत अजून,
मी त्यांना दूध पाजावं तशी खाऊ घालते.

मागच्या अंगणात एक दगड आहे, प्राण्यांसाठी.
दर शरदात आम्ही रांगेनं वाकतो,
साहेब फुलं ठेवतात.
प्राणी उरले नाहीत, वाकणं उरलं.
यंदा माझ्या खिशात बोरो बिस्किटं होती,
अंड्याची, बोटाच्या पेराएवढी,
दात नसलेल्या तोंडात आपोआप विरघळणारी.
सगळे गेल्यावर मूठभर ठेवली.

हागिवारा मागेच होता.
गिनीपिग हे खायचे?
नाही.
त्यानं पुढे विचारलं नाही. एक उचललं,
तोंडात टाकलं
आणि विरघळेपर्यंत तिथेच उभा राहिला.

दोनच अंकांचा फरक, कुरामोची-सान,
अंगाला लावून घेऊ नका, म्हणाला जिन्यात.

मी नवी प्लेट काढली.
अंगालाच तर लावायचंय कुणाच्या तरी.
उद्या पुन्हा.