शेवटचा रकाना

चौथीचं हजेरीपुस्तक कपाटात ठेवून
मी सांगलीला आले, ड्युटीवर.
कचेरीमागचा हॉल, सात टेबलं, सात फोन
आणि पुढ्यात एक कोरं रजिस्टर.
नाव, गाव, वय, ऑक्सिजन किती, खाट कुठं.
रेघा मीच मारल्या. सवयीनं, लाल पेननं.

पहिल्या दिवशी मी म्हणायचे, जरा थांबा.
तिसऱ्या दिवशी तो शब्द सोडला.
थांबल्यावर पलीकडं काय होतं
ते फोनमधून ऐकू यायचं.

उमदीचा एक पोरगा :
आई बोलत नाही, नुसती बघते.
उमदी ते मिरज, फळ्यावर वीतभर.
तो जिल्हा मी किती वेळा काढलाय,
कृष्णा निळ्या खडूनं, जत पिवळ्या,
आणि पोरांना सांगितलंय, रिकाम्या जागा भरा.

रात्री अकराला वॉर्डातून एस्तेर सिस्टर आकडा द्यायची.
कधी दोन. बहुतेकदा शून्य.
एकदा म्हणाली, खाट आहे हो बाई, पण पाइप नाही.
पाइप येईल उद्या, पण बघायला माणूस नाही.
आमच्यातल्या चौघी आता याच वॉर्डात, अंगावर चादर घेऊन.
चाळीस जणांत मी एकटी.
मग आम्ही दोघी गप्प.
फोन कुणीच ठेवला नाही.
मागं कुठलंतरी मशीन वाजत होतं,
तिनं त्याच्याकडं जाईपर्यंत.

आणि तमण्णा कोळेकर, वय छप्पन्न, हमाल, मार्केट यार्ड.
स्वतःच बोलत होता, मधे मधे श्वास घेत :
"ताप न्हाई बाई. पण बावीस वर्सं हळदीची पोती उचलतोय,
आंघुळ केली तरी वास जात न्हाई, बायको कावती.
आज पोत्यात तोंड घातलं
तर काय बी न्हाई. नुसती माती."
ऑक्सिजन किती?
"दुकानदाराच्या मशीनवर ब्याऐंशी.
शंभरातलं ब्याऐंशी, बरं हाय न्हवं?"

माझ्या वर्गात ब्याऐंशीला टाळ्या पडतात.

रात्री दोनला जागा मिळाली.
लिहिलं : मिरज, खाट एकतीस.
त्याच्यापुढं रकाना नव्हता.
मी आखलाच नव्हता.
वीस वर्षं निकालपत्रकं भरणारी बाई मी,
आणि निकालाला जागा सोडली नाही.
एस्तेरला विचारावं म्हटलं,
तर दुसऱ्या दिवशी आकडा सांगायला
वेगळाच आवाज आला.
मी आकडा लिहून घेतला.

आता दर फेब्रुवारीत यार्डात जाते,
वर्षाची हळद घ्यायला.
घरात माणसं तीन, हळद अशी लागते किती!
पण जाते.
पिवळ्या पापण्यांचे हमाल पोती घेऊन जातात शेजारून,
त्यातला चेहरा मला ठाऊक नाही, आवाज तेवढा ठाऊक.
म्हणून ज्याला त्याला विचारते,
सौदा किती वाजता, पाण्याचा नळ कुठं.

परवा एक दुकानदार हसला,
बाई, मागल्या वर्षीही हेच विचारलंत,
नळ तिथंच आहे.